बारावीचा विद्युतघट पुढे कुठे नेतो? शाश्वत ऊर्जेसाठी विद्युतरासायनिक अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण



मुलगा किंवा मुलगी बी.ई. केमिकल, मेटलर्जी नाहीतर बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आली की घरात पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. हल्ली या चर्चेत एक नवीन नाव ऐकू येतं : इलेक्ट्रोकेमिकल इंजिनिअरिंग, म्हणजेच विद्युतरासायनिक अभियांत्रिकी. "हे नेमकं काय असतं? बॅटरी दुरुस्तीचं का? यात दोन वर्षं आणि एवढे पैसे घालावेत का?" असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून आजच्या पाठात हा विषय शाळेतल्या रसायनशास्त्रापासून सुरू करून पदव्युत्तर वर्गापर्यंत नेऊ. वाटेत थोडं गणित आहे, पण ते आठवीतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचं नाही.

१. विषय म्हणजे काय?

रासायनिक अभिक्रियेतून वीज मिळवणं किंवा वीज देऊन रासायनिक अभिक्रिया घडवणं, हे विद्युतरसायनशास्त्र. तेच प्रयोगशाळेच्या चंचुपात्रातून काढून कारखान्याच्या आकाराचं, परवडणारं, सुरक्षित आणि वर्षानुवर्षं टिकणारं करणं, ही विद्युतरासायनिक अभियांत्रिकी.

विषय नवा नाही. व्होल्टाने आपल्या घटाची माहिती १८०० साली जाहीर केली आणि त्याच वर्षी निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाण्याचं अपघटन करून दाखवलं. फॅरडेचे नियम १८३० च्या दशकातले. ग्रोव्हचा इंधन घट १८३९ चा, तर प्लांतेची शिसं-आम्ल बॅटरी १८५९ ची. आपल्या दुचाकीत, इन्व्हर्टरमध्ये आजही तिचीच वंशावळ चालते. ॲल्युमिनियम, क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा हे सगळं विजेच्याच जोरावर बनतं. नवं आहे ते या विषयावर येऊन पडलेलं काम. सूर्य रात्री नसतो, वारा मनाचा राजा. ही वीज साठवायची किंवा इंधनात बदलायची तर मध्ये विद्युतघट लागतोच.

२. शाळेतला एक शब्द आधी सोडवून घेऊ

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा एक गोंधळ पुढे पदवीपर्यंत टिकतो. पाठ्यपुस्तकात ॲनोडला 'धनाग्र' आणि कॅथोडला 'ऋणाग्र' म्हणतात. विद्युत अपघटनात हे बरोबर जुळतं, कारण तिथे ॲनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. पण डॅनियल घटात जस्ताचा ॲनोड हे ऋण टोक असतं! 'धनाग्र' ऋण कसं, म्हणून मूल अडतं आणि मग पाठांतराकडे वळतं.

वर्गात एवढंच पक्कं करावं : ऑक्सिडीकरण जिथे होतं तो ॲनोड, क्षपण जिथे होतं तो कॅथोड. चिन्ह घटाच्या प्रकारानुसार बदलतं, काम बदलत नाही. मोबाईलची बॅटरी वापरताना जो इलेक्ट्रोड ॲनोड असतो, तोच चार्जिंग करताना कॅथोडचं काम करतो. बॅटरी उद्योगात मात्र ऋण बाजूच्या इलेक्ट्रोडला कायम ॲनोडच म्हणायची प्रथा आहे. पुढे जाणाऱ्या मुलाला हे तिन्ही माहीत असलं की पहिल्या सत्रातली अर्धी घबराट कमी होते.

३. वीस रुपयांचा प्रयोग आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम

एका पेल्यात पाणी घ्या, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून पाण्यात उभ्या करा आणि वरच्या टोकांना तारा जोडा. (मीठ वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. घरातल्या प्लगची वीज कधीही वापरायची नाही. खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नको.)

पुस्तक सांगतं की पाण्याचं अपघटन करायला १.२३ व्होल्ट पुरे. मग दीड व्होल्टचा एक सेल जोडून पाहा. बुडबुडे जवळजवळ दिसतच नाहीत. दोन सेल एकापुढे एक जोडा, बुडबुडे सुरू होतात. ९ व्होल्टची बॅटरी लावली की जोरात येतात.

१.२३ पुरेसे असतील तर दीड व्होल्टला काय झालं? मुलांना हा प्रश्न विचारा आणि उत्तर लगेच देऊ नका. कारण विद्युतरासायनिक अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बराचसा याच एका प्रश्नाभोवती फिरतो. १.२३ हा आकडा 'अभिक्रिया होऊ शकते का' एवढंच सांगतो. 'किती वेगाने होईल' याबद्दल तो काहीच सांगत नाही. वेग हवा असेल तर वर जादा व्होल्टेज मोजावं लागतं आणि ते तीन ठिकाणी खर्च होतं.

पहिला खर्च उंबरठ्याचा. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची देवघेव व्हायला अडथळा असतो. ज्युलियस टाफेलने १९०५ मध्ये दाखवलं की प्रवाह दर वेळी दहापट करायचा तर दर वेळी ठरावीक व्होल्टेज वाढवावं लागतं. हा उंबरठा किती उंच, ते पृष्ठभागावर ठरतं. प्लॅटिनमवर हायड्रोजन सहज सुटतो, पाऱ्यावर मात्र त्याला खूप जास्त व्होल्टेज लागतं. उत्प्रेरकांचा सगळा शोध हा उंबरठा खाली आणण्यासाठी चालतो.

दुसरा खर्च वाटेचा. आयनांना द्रावणातून किंवा पडद्यातून चालत जावं लागतं, तिथे रोध असतो. पेन्सिली जवळ आणा, बुडबुडे वाढतील. सोडा वाढवा, तरी वाढतील. ओहमचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो.

तिसरा खर्च गर्दीचा. प्रवाह फार वाढवला की कच्चा माल पृष्ठभागापर्यंत वेळेत पोहोचत नाही, किंवा तयार झालेले बुडबुडेच पृष्ठभाग अडवून बसतात. एसटी स्टँडवर उतरणारे दारातच उभे राहिले की चढणाऱ्यांचं जे होतं, तेच.

पदव्युत्तर वर्गात या तिन्हींची स्वतंत्र गणितं शिकवतात. उंबरठ्यासाठी बटलर-व्होल्मर समीकरण, वाटेसाठी आयनवहन, गर्दीसाठी विसरण आणि प्रवाही यांत्रिकी. मग ही तिन्ही एकाच घटात एकत्र मांडायची. जॉन न्यूमन या अमेरिकी प्राध्यापकाने बर्कली इथे हे काम शिस्तीने उभं केलं. बॅटरीच्या आतलं चित्र गणिताने काढण्याची डॉयल, फुलर आणि न्यूमन यांची १९९३ ची पद्धत आजही जगभर पायाभूत मानतात.

४. एक किलो हायड्रोजनचा हिशोब

आता पालकांनीही कागद-पेन्सिल घ्यावी. एक किलो हायड्रोजन म्हणजे सुमारे ४९६ मोल. हायड्रोजनच्या प्रत्येक रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम. गुणाकार केला की सुमारे ९.५७ कोटी कूलोम येतात. ३,६०० ने भागलं की साधारण २६,६०० अँपिअर-तास.

हा आकडा फॅरडेने बांधून दिलेला आहे. कितीही हुशार अभियंता आला तरी तो कमी करू शकत नाही. अभियंत्याच्या हातात आहे ते फक्त व्होल्टेज :

• १.२३ व्होल्टला एक किलोला ३२.७ युनिट वीज लागेल. पण मग उरलेली ऊर्जा बाहेरून उष्णता म्हणून पुरवावी लागेल.
• १.४८ व्होल्टला ३९.४ युनिट. इथे बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही.
• प्रत्यक्ष चालणाऱ्या घटाला समजा १.९ व्होल्ट लागले, तर ५०.५ युनिट.

म्हणजे ०.१ व्होल्ट वाचवला तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात. एक मेगावॅटचा संच १.९ व्होल्टवर तासाला साधारण २० किलो हायड्रोजन देतो. तो वर्षात ८,००० तास चालला तर १६० टन. चार रुपये युनिट धरलं तर त्या ०.१ व्होल्टची किंमत वर्षाला सुमारे १७ लाख रुपये होते, आणि तीही एकाच लहानशा संचामागे. संशोधक मिलिव्होल्टसाठी का भांडतात ते इथे समजतं.

याच संचाचा आकारही काढता येतो. १० लाख वॅट भागिले १.९ व्होल्ट म्हणजे सव्वापाच लाख अँपिअर. आम्लधर्मी पडद्याच्या, म्हणजे 'पेम' प्रकारच्या घटात दर चौरस सेंटिमीटरला दीड अँपिअर प्रवाह धरला तर सुमारे ३५ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. जुन्या अल्कली पद्धतीत ०.३ अँपिअर धरला तर १७५ चौरस मीटर. पहिला आटोपशीर, पण त्याच्या ॲनोडला इरिडियम लागतं आणि ते जगभरात मिळून वर्षाला दहा टनांपेक्षा कमी निघतं. दुसरा अवजड, पण निकेलवर चालतो. यातलं निवडायचं काय, हे वीज कशी येते, जागा किती आहे, पैसा किती आहे यावर ठरतं. अशी निवड आकड्यांनिशी करता येणं, हेच या शिक्षणाचं फळ.

५. 'शाश्वत' हा शब्दही तपासून घ्यावा

मुलं भारावून या विषयाकडे येतात, ते चांगलंच आहे. पण हिशोब इथेही सुटत नाही. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ५० युनिटने गुणलं तर ३५ किलो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवताना साधारण ९ ते १० किलोच जातो! म्हणजे कोळशाची वीज वापरून 'स्वच्छ' हायड्रोजन बनवणं हा आवळा देऊन कोहळा काढण्याच्या उलटा व्यवहार. म्हणूनच केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये व्याख्या ठरवली की एक किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड जात नसेल तरच त्याला हरित म्हणायचं.

पाण्याचंही तसंच. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्रानुसार ९ लिटर पाणी लागतं, प्रत्यक्षात शुद्धीकरण आणि थंड करणं धरून आणखी जास्त. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. त्याला किमान साडेचार कोटी घनमीटर, म्हणजे साधारण १.६ टीएमसी पाणी लागेल. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे, हे पाहता देशाच्या दृष्टीने हा आकडा मोठा नाही. पण कारखाना दुष्काळी तालुक्यात काढला तर तिथल्या विहिरींना तो मोठाच वाटणार. कारखाना कुठे काढायचा हा प्रश्नही त्यामुळे अभ्यासाचाच भाग आहे.

६. बॅटरीचं काय?

तत्त्वं तीच. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

मोबाईल सुरुवातीला भराभर चार्ज होतो आणि शेवटी रेंगाळतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. आधी प्रवाह स्थिर ठेवतात, नंतर व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह कमी करत नेतात. घाई केली, किंवा कडाक्याच्या थंडीत जोरात चार्जिंग केलं, तर लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरायच्या ऐवजी वरच धातू होऊन साचतात. बॅटरीचं आयुष्य घटतं आणि धोकाही वाढतो. पुन्हा तीच गोष्ट : उंबरठा, वाट, गर्दी.

७. वर्गात आणि प्रयोगशाळेत काय करावं लागतं?

साधारणपणे विद्यार्थी हे शिकतो : ऊष्मागतिकी, इलेक्ट्रोडवरील अभिक्रियांचा वेग, वस्तुमान आणि उष्णतेचं वहन, पदार्थविज्ञान, गंज आणि क्षरण, घटाची रचना, खर्चाचा आणि जीवनचक्राचा हिशोब. प्रयोगशाळेत चक्रीय व्होल्टॅमेट्री आणि प्रतिबाधा मापन ही दोन तंत्रं हातात बसावी लागतात. दुसरं तंत्र म्हणजे घटाचा ईसीजीच समजा. घट न उघडता तीन खर्चांपैकी कोणता वाढलाय, हे त्यातून कळतं.

लिथियमचे पदार्थ हवेतल्या दमटपणाने खराब होतात, म्हणून आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत जाड हातमोज्यांतून काम करायचं. तिथे तयार होतो तो बटणाएवढा घट, बहुधा २० मिलिमीटर व्यासाचा. गाडीच्या किल्लीत असतो त्याच मापाचा. तो शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज करून पाहायचा, आणि त्याला आठवडे, कधी महिने जातात. चार महिन्यांनी कळतं की हा पदार्थ काही कामाचा नाही. ज्या मुलाला आज प्रयोग केला आणि उद्या निकाल हवा, त्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

गणित चुकवता येत नाही. अवकल समीकरणं आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग लागतंच. पायबॅम नावाची बॅटरीची गणितं सोडवणारी प्रणाली मोफत उपलब्ध आहे. हौशी विद्यार्थी पदवीच्या वर्षातच तिच्यावर हात चालवू शकतो.

८. कुठे शिकायचं आणि पैशाचं काय?

पहिली सूचना : पदवीच्या नावामागे लागू नका. 'विद्युतरासायनिक अभियांत्रिकी' असं नाव फार कमी पदव्यांना असतं. हा विषय बहुतेक ठिकाणी रासायनिक अभियांत्रिकी, पदार्थविज्ञान किंवा ऊर्जा विभागात शिकवला जातो. त्यामुळे विभागाच्या पाटीपेक्षा तिथले प्राध्यापक कशावर काम करतात, प्रयोगशाळेत कोणती उपकरणं आहेत आणि जुने विद्यार्थी कुठे गेले, ते पाहावं.

आपल्या देशात या विषयाला वाहिलेली एक संपूर्ण राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे : तमिळनाडूत कारैकुडी इथली केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था, म्हणजे सेक्री. अळगप्पा चेट्टियार यांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले, १९४८ मध्ये पायाभरणी झाली आणि १९५३ मध्ये संस्था सुरू झाली. मुंबईत आयआयटी आणि रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही आपल्या जवळची ठिकाणं. देशी बनावटीची हायड्रोजन इंधन घटावरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली गेली. त्यामागे केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांचं काम होतं.

पैशाचं गणित असं. एम.टेक.साठी गेट परीक्षा देता येते (रासायनिक अभियांत्रिकी, रसायनशास्त्र किंवा धातुशास्त्राचा पेपर). गेटमधून प्रवेश मिळाल्यावर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पीएच.डी.साठीची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं वेगळं. परदेशात दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात : अमेरिकेत पीएच.डी.ला बहुधा विद्यापीठच शुल्क माफ करून वेतन देतं, मास्टर्स मात्र बहुधा स्वखर्चाने. जर्मनीतल्या बहुसंख्य सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना ते लागतं आणि राहण्याचा खर्च आहेच. घर गहाण ठेवून कर्ज काढण्याआधी हे दोन रकाने कागदावर मांडा.

नोकरीची हमी म्हणून हा विषय निवडू नये. सरकारी धोरणं आणि बाजार दोन्ही बदलतात. पण बॅटरीचा बाजार मंदावला तरी क्लोरीन-कॉस्टिकचे कारखाने, विद्युत विलेपन, क्षरणरोधन, धातुशुद्धी ही कामं तीच तत्त्वं वापरतात. पाया पक्का असलेल्याला बाजू बदलता येते. फक्त 'हायड्रोजन' हा शब्द पाहून आलेल्याला ते जड जातं.

९. पालकांनी मुलाला विचारायचे चार प्रश्न

१) बारावीच्या रसायनशास्त्रातलं पाचवं प्रकरण, विद्युतरसायनशास्त्र, तुला आवडलं होतं की गुणांसाठी पाठ केलं होतं?
२) एक समीकरण आठवडाभर सुटलं नाही तर तू काय करतोस, काय करतेस?
३) तीन प्राध्यापकांची नावं आणि त्यांचं काम तुला सांगता येईल का?
४) दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडला आहेस का?

चारांपैकी तीन उत्तरं नीट आली तर मुलाच्या पाठीशी उभं राहायला हरकत नाही. नाही आली तर आणखी सहा महिने वाचन करू दे, घाई नको.

आणि शिक्षकांसाठी गृहपाठ : पेन्सिलींचा प्रयोग या महिन्यात एकदा वर्गात करा. दोन्ही बाजूंचे वायू परीक्षानळ्यांत गोळा केले तर प्रमाण नेमकं दोनास एक येणार नाही, ऑक्सिजन कमी भरेल. थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो आणि थोडा पेन्सिलीचं ग्रॅफाइट खाण्यात खर्च होतो. "पुस्तकात दोनास एक लिहिलंय, मग इथे असं का?" असं विचारणारं मूल सापडलं, तर त्याचं नाव वहीत लिहून ठेवा. पुढे चार-पाच वर्षांनी त्याचे पालक सल्ला विचारायला येतील, तेव्हा ते नाव उपयोगी पडेल.